अनुदान द्यावं, पण मोजून

कृषी खात्यात तालुका पातळीवर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आता मराठवाड्यात घरची कोरडवाहू जमीन करतो. त्यामुळे अनुदानाच्या टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. प्रस्तावांवर सह्या मी केल्या आहेत, आणि सातबारा-आठ अ हातात धरून रांगेतही उभा राहिलो आहे.

शहरात गेलं की ऐकू येतं, "शेतकऱ्यांना सगळं फुकट लागतं." गावात ऐकू येतं, "सरकार काय घरचं देतंय का?" गावातला प्रश्न मला जास्त योग्य वाटतो, कारण त्याचं उत्तर खरंच "नाही" असं आहे. सरकार देतं ते करदात्याचं असतं. आणि करदाता म्हणजे केवळ आयकर भरणारा नोकरदार नव्हे. कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी भरणारा अल्पभूधारकही करदाता आहे, किराणा घेणारी शेतमजूर बाईही आहे. राज्यावरचं कर्ज आज नऊ लाख कोटींच्या पुढे गेलं आहे. त्याचं व्याज याच सगळ्यांकडून जाणार आहे.

शेतीला मदत हवी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पाऊस आपल्या हातात नाही आणि भावही नाही. पण बेहिशेबी वाटलेलं अनुदान गरजू शेतकऱ्यापर्यंत अर्धवट पोचतं, तिजोरी रिकामी करतं आणि एक दिवस अचानक बंद पडतं. मोजून दिलेलंच टिकतं. अनुभवातून जे उमगलं, ते इथे मांडतो.

१. शेतकऱ्याचा वाटा शून्यावर आणू नये

२०१६ मध्ये प्रधानमंत्री पीकविमा योजना आली. शेतकऱ्याचा हिस्सा ठरलेला होता. खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना पाच टक्के. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरायचे. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने शेतकऱ्याचाही हिस्सा स्वतःकडे घेतला आणि अर्जाला एक रुपया ठेवला. हेतू चांगला होता. जूनमध्ये बियाण्याची पिशवी उधारीवर आणणाऱ्याकडे हप्त्याला पैसे कुठून येणार?

पण आदल्या खरिपात साधारण ९६ लाख असलेले अर्ज त्या एका हंगामात १ कोटी ७० लाखांच्या आसपास गेले. राज्यातली पेरणी काही वर्षभरात एवढी वाढली नव्हती. पुढे पडताळणी सुरू झाली तेव्हा आमच्या भागातल्या एका गावाची यादी तलाठ्याशेजारी बसून गट नंबरनिहाय लावून पाहिली. महसुली दप्तरात एक गट गायरान होता, विम्याच्या यादीत तिथे सोयाबीन उभं होतं. एक गट देवस्थानचा होता, विमा भलत्याच तालुक्यातल्या माणसाच्या नावावर. आणखी एका ठिकाणी माणूस खरा, गट खरा, पण सातबाऱ्यावर ४० आर आणि विमा चार हेक्टरांचा.

हेक्टरी ५० हजारांच्या संरक्षणावर दोन टक्के म्हणजे हजार रुपये. खोट्या गटावर हजार रुपये लावायला कुणी धजावत नाही, रुपया लावायला कुणी मागेपुढे बघत नाही. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली, ते योग्यच झालं. मात्र त्याच वेळी स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान असे भरपाईचे निकषही गेले आणि सगळं पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर आलं. चोरी करणारे वेगळे होते, संरक्षण गेलं ते प्रामाणिक शेतकऱ्याचं. अत्यल्पभूधारकाला हिस्सा निम्मा ठेवावा, उरलेल्यांनी पूर्ण भरावा, पण भरपाईचे दरवाजे उघडे ठेवावेत, असं माझं मत आहे.

२. मधल्या माणसाला पैसे कशाचे मिळतात, ते आधी बघावं

बोगस अर्जांचा विषय निघाला की बोट शेतकऱ्याकडे जातं. पण त्यातल्या कित्येक अर्जांची खबर ज्याच्या नावाने अर्ज झाला त्यालाही नव्हती. विम्याचा अर्ज सामूहिक सेवा केंद्रावर भरला जातो आणि केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये मिळतात. ते विमा कंपनी देते, आणि कंपनीकडे येणारा हप्ता बहुतांशी सरकारी. शेतकऱ्याने रुपया भरायचा आणि केंद्राला ४० मिळायचे, अशी रचना असेल तर अर्जांची संख्या वाढवण्यात कुणाचा फायदा आहे हे सांगायला चौकशी समिती लागत नाही. बहुतेक केंद्रचालक रात्री-रात्री जागून शेतकऱ्यांची कामं करतात, हे मी पाहिलं आहे. पण ज्यांना गैरफायदा घ्यायचा होता त्यांच्यासाठी वाट मोकळी होती.

कोणत्याही योजनेचा शासन निर्णय हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो. सेवाशुल्क, कमिशन, मानधन कशावर आहे? अर्जाच्या संख्येवर असेल तर अर्ज वाढतील. पडताळणीत टिकलेल्या अर्जावर असेल तर खरे अर्ज येतील. ४० रुपये जरूर द्या, हवं तर ५० द्या, पण ई-पीक पाहणीतल्या पीकनोंदीशी अर्ज जुळल्यानंतर द्या. एवढ्या एका बदलाने जे साधेल, ते नंतरच्या शंभर पथकांनी साधत नाही.

३. खर्चाला काठ हवा, पण बोजा दुसऱ्याच्या खिशात ढकलू नये

विम्यातली एक चांगली गोष्ट आमच्याच मराठवाड्यातून आली. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यात काम करायला विमा कंपन्या तयार नव्हत्या. तेव्हा सरकारी विमा कंपनीबरोबर एक सूत्र ठरलं, तेच पुढे 'बीड पॅटर्न' म्हणून ओळखलं गेलं. समजा एकूण हप्ता १०० रुपये जमला. नुकसानभरपाई ४० रुपयेच झाली, तर कंपनीने नफा आणि खर्चापोटी २० ठेवायचे आणि ४० राज्याला परत द्यायचे. भरपाई १५० झाली, तर कंपनीने ११० द्यायचे आणि वरचे ४० राज्याने घालायचे. म्हणजे चांगल्या वर्षी कंपनीच्या नफ्याला काठ, वाईट वर्षी तिच्या तोट्यालाही काठ. पुढे हे सूत्र राज्यभर लागू झालं.

करदात्याच्या दृष्टीने याचं मोल मोठं आहे. आधी चांगला पाऊस झाला की सरकारी हप्त्यातला मोठा हिस्सा कंपनीकडे राहायचा आणि त्यावर कुणाचा इलाज नसायचा. आता तो परत मागता येतो. पण परत आलेला पैसा वाईट वर्षासाठी वेगळा ठेवला, तरच या सूत्राला अर्थ आहे. तो त्याच वर्षी दुसरीकडे खर्च झाला, तर दुष्काळाच्या वर्षी राज्याला वरची रक्कम कर्ज काढून द्यावी लागेल.

याच २०२० मध्ये केंद्रानेही एक मर्यादा घातली. जिरायत भागात ३० टक्के आणि बागायत भागात २५ टक्के हप्तादरापर्यंतच केंद्र आपला हिस्सा देईल, त्यावरचा भार राज्याचा. केंद्राच्या अंदाजपत्रकात ही बचत दिसली असेल. पण जिथे पाऊस सर्वांत बेभरवशाचा, तिथे हप्तादर सर्वांत जास्त, आणि नेमक्या त्याच भागाचा भार राज्याकडे सरकला. दिल्लीचा आणि मुंबईचा करदाता शेवटी एकच आहे. एका खिशातला खर्च दुसऱ्या खिशात टाकला, तर त्याला बचत म्हणू नये.

४. जिथे मीटर नाही, तिथे हिशेब नाही

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षं मोफत वीज आहे. साधारण ४४ लाख शेतकऱ्यांना लाभ आणि वर्षाला सुमारे १४,७६० कोटींचा भार, असं सरकारनेच सांगितलं आहे. या आकड्याकडे बघताना मला रकमेपेक्षा दुसरीच काळजी वाटते. राज्यातल्या असंख्य पंपांना चालू स्थितीतलं मीटरच नाही. पंपाच्या अश्वशक्तीवरून अंदाज बांधून वापर धरला जातो. त्यामुळे शेतीच्या नावावर लिहिलेलं प्रत्येक युनिट शेतातच वापरलं गेलं की वाटेत गळलं, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. शेतकऱ्याच्या नावाने अनुदान फुगतं, आणि त्यातलं किती खरोखर त्याचं, हे त्यालाही माहीत नसतं.

शेतावर काय घडतं ते सांगतो. आमच्याकडे थ्री फेजची पाळी वर्षानुवर्षं आठवड्याला बदलत आली. दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा. रात्रीच्या पाळीला थंडीत, सापाकिरड्यात कोण जाणार? म्हणून घरोघरी ऑटो स्विच बसले. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. सरी भरली, बांध ओलांडून पाणी रस्त्यावर आलं, तरी मोटर चालूच. पहाटे जाऊन बघावं तर अर्ध्या रानात तळं आणि अर्धं कोरडं. फिडरवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी जळतो आणि मग आठ-आठ दिवस कुणालाच पाणी नाही. बिल शून्य करून हे दुखणं बरं होत नाही. शेतकऱ्याला हवी आहे दिवसा, पूर्ण दाबाची वीज.

म्हणूनच मला सौर कृषी वाहिनीची वाट पटते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचं उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचं आहे. ही वीज युनिटला साधारण तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे अनुदानाचं ओझं मुळातच कमी होतं, आणि ती मिळते दिवसा. तिच्या जोडीला प्रत्येक शेती फिडरवर आणि डीपीवर मीटर लावा. पंजाबने २०१८ मध्ये एक प्रयोग केला. शेतकऱ्याला युनिटांचा ठरावीक कोटा दिला आणि त्याहून कमी वापरलेल्या प्रत्येक युनिटामागे चार रुपये त्याच्या खात्यात जमा केले. वीज मोफतच राहिली आणि ती वाचवणाऱ्याला मोबदला मिळाला. आपल्या भूजलाची आजची गत पाहता हा प्रयोग इथे करण्यासारखा आहे.

५. वस्तू फार स्वस्त केली की ती शेतात थांबत नाही

युरियाची ४५ किलोंची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो, वरचं सगळं केंद्र सरकार भरतं. २०२२-२३ मध्ये जगभर खतांचे भाव भडकले, तेव्हा देशाचं खत अनुदान अडीच लाख कोटींच्या वर गेलं. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाचं धोरण आलं, त्यात स्फुरद-पालाशाच्या खतांचे भाव हलले आणि युरिया जागचा फारसा हलला नाही. मग शेतकऱ्याने काय करावं? डीएपीची गोणी १,३५० रुपयांना आणि युरिया २६६ ला असेल, तर युरियाच पडणार. पीक हिरवंगार दिसतं, कीड वाढते आणि जमीन बिघडते.

आणि एवढी स्वस्त वस्तू शेतातच राहील याची खात्री कशी द्यावी? प्लायवूडच्या डिंकापासून कापडछपाईपर्यंत युरिया लागणारे उद्योग आहेत, आणि त्यांना तो बाजारभावाने घ्यावा लागतो. २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो. २०१८ पासून पॉस मशीनवर आधार आणि अंगठा घेतल्याशिवाय कंपनीला अनुदान मिळत नाही. दोन्ही पावलं चांगली. तरीही ऐन हंगामात दुकानात टंचाई होते, आणि काही ठिकाणी 'लिंकिंग' चालतं. दोन गोण्या युरिया हवा असेल तर नको असलेल्या द्रवखताची बाटली घ्या. २६६ ची गोणी मग प्रत्यक्षात चारशेला पडते. करदात्याने भरलेला पैसा शेतकऱ्याच्या पदरात न पडता मध्येच मुरतो.

केंद्राने नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५ मध्येच सांगितलं होतं की खताचं अनुदान हेक्टरी सुमारे सात हजार रुपये थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्या. ही दिशा मला मान्य आहे, दोन अटींवर. पैसे मृग निघायच्या आधी खात्यात पडले पाहिजेत, आणि हेक्टरची कमाल मर्यादा हवी. ऑगस्टमध्ये जमा होणाऱ्या रकमेने जूनचं खत येत नाही.

६. कोटेशन अनुदान पाहून बनतं

ठिबकला आपल्या राज्यात केंद्राचं आणि राज्याचं मिळून अल्प-अत्यल्पभूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. ठिबकने मराठवाड्यात ऊस, कापूस, फळबागा तारल्या. या योजनेचा मी आजही समर्थक आहे. पण मोका तपासणीला जो माणूस स्वतः रानात उतरलेला आहे, त्याला दोन गोष्टी दिसतात.

एका तपासणीत संच बसवल्याचा फोटो, बिल, आखणी, सगळे कागद चोख होते. रानात लॅटरल अंथरलेल्याही होत्या. पण मुख्य पाईपाला जोडणीच नव्हती. एक ड्रीपर कापून पाहिला, आतून कोरडा ठक्क, पाण्याचा डाग नाही. बांधाकडेला नळीची रिकामी वेटोळी ठेवायची जागा आधीच करून ठेवलेली. फोटो झाला की नळी गुंडाळून पुढच्या गावाला न्यायची, हा बेत.

दुसरी गोष्ट याहून सार्वत्रिक. एका डीलरला मी थेट विचारलं, एकरी खर्च इतका कसा? तो सरळपणे म्हणाला, "साहेब, हा अनुदानाचा रेट आहे. रोखीत घेतला तर वेगळा." तोच पाईप, तोच ड्रीपर, पण अनुदानात गेला की महाग. म्हणजे करदात्याच्या रुपयातला काही हिस्सा शेतकऱ्याचा खर्च कमी करण्याऐवजी भाव चढवण्यात गेला. अवजारांतही हेच दिसतं.

यावर उपाय अवघड नाहीत. रोखीचे बाजारभाव तालुक्याच्या कृषी कार्यालयात फलकावर लावावेत आणि अनुदान त्या भावावर मोजावं. रक्कम दोन टप्प्यांत द्यावी, मोठा हिस्सा संच बसल्यावर आणि उरलेला एक हंगाम संच चालल्यावर. लहान शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी सव्वा लाख देण्यापेक्षा गावातल्या शेतकरी गटाला अवजारे बँक उभी करून दिली, तर त्याच पैशात कितीतरी घरांची नांगरट होते.

७. हेक्टरची अट सगळीकडे सारखी लावली की कोरडवाहू माणूस मरतो

खर्च आटोक्यात ठेवायला मर्यादा हवी, असं मी वारंवार म्हणतो आहे. पण मर्यादा चुकीच्या जागी पडली की अन्याय होतो. २००८ च्या देशव्यापी कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं कर्ज पूर्ण माफ झालं. त्यावरच्याला ठरावीक रक्कम आधी भरली तर सवलत. ज्या विदर्भातल्या आत्महत्यांमुळे देशाचं लक्ष या प्रश्नाकडे गेलं, तिथल्या पाच-सात एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही अट नडली. त्याची तीन हेक्टर जमीन पावसाच्या भरवशावर. कालव्यावरच्या दीड हेक्टरच्या उत्पन्नाची सर तिला नाही.

त्या योजनेचा महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१३ मध्ये आला. नमुन्यादाखल तपासलेल्या खात्यांपैकी जवळपास २२ टक्के प्रकरणांत त्रुटी आढळल्या. अपात्रांना लाभ मिळाला होता आणि पात्र वगळले गेले होते. राज्यात २०१७ ची कर्जमाफी दीड लाखापर्यंत झाली, २०१९ ची दोन लाखांपर्यंत. दोन्हींत नियमित फेडणाऱ्याला प्रोत्साहन रक्कम ठेवावी लागली, कारण पोटाला चिमटा घेऊन कर्ज भरणारा विचारत होता, "मी भरलं हा गुन्हा का?"

मर्यादा पाहिजे, पण ती जिरायत आणि बागायतला वेगळी पाहिजे. आणि माफीच्या आशेवर संपूर्ण पतपुरवठा अडकण्यापेक्षा, दुष्काळ जाहीर झाला की त्या मंडळातल्या कर्जाचं पुनर्गठन करणं आणि व्याजाचा भार सरकारने उचलणं, तेही आपोआप, अर्जाशिवाय, ही पद्धत करदात्याला स्वस्त आणि शेतकऱ्याला सन्मानाची आहे.

८. चाळणी पैसे देण्याआधी लावावी

पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार २०१९ पासून सुरू झाले. आयकर भरणारे, सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे अपात्र, हे नियमात पहिल्यापासून होतं. पण घाईत आधी पैसे गेले आणि पडताळणी नंतर झाली. मग तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या. गावात एकदा वाटलेला पैसा परत आणणं किती जिकिरीचं असतं, हे तलाठ्याला विचारा.

आता व्यवस्था सुधारते आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः रानात उभा राहून पिकाचा फोटो नोंदवतो. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. जमीन, पीक आणि माणूस एका जागी जोडले गेले, तर गायरानावर सोयाबीन उभं करणं बंद होईल.

पण एक माणूस या जोडणीत बसत नाही, तो म्हणजे बटईने किंवा ठोक्याने जमीन करणारा. कूळ कायद्याच्या धास्तीने मालक त्याला कागद देत नाही. बी त्याचं, खत त्याचं, घाम त्याचा, आणि अनुदान शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. करदात्याने शेती करणाऱ्यासाठी दिलेला पैसा जमीन असणाऱ्याला पोचतो. मालकी हक्काला धक्का न लावणारा हंगामी करार कायद्याने सोपा केल्याशिवाय ही गळती थांबणार नाही.

९. आधी भाव पाडून मग अनुदान देणं सर्वांत महाग पडतं

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा मातीमोल झाला. राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, शेतकऱ्याला कमाल २०० क्विंटलांपर्यंत, आणि १ फेब्रुवारी ते ३१ मार्च एवढ्याच विक्रीला. दर, माल आणि मुदत, तिन्हींना मर्यादा. हिशेबाच्या दृष्टीने ही रचना चांगली होती, पैसे मात्र वेळेवर मिळायला हवे होते.

पुढच्याच ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली आणि बंदी उठली ती मे २०२४ मध्ये. जो शेतकरी तेजीत चार पैसे कमावून मंदीचा खड्डा स्वतः भरून काढू शकला असता, त्याची ती संधी गेली. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त देण्याचा खर्च नाशिकच्या शेतकऱ्याने सोसला आणि पुढे मदतीचा खर्च करदात्याने. करदात्याला खरोखर पैसे वाचवायचे असतील, तर त्याने सर्वांत आधी निर्यातबंदीच्या विरोधात उभं राहिलं पाहिजे. शेतकऱ्याचं नुकसान केलंच नाही, तर भरपाईचा प्रश्न येत नाही.

१०. वाचलेला पैसा शेतीतच राहिला पाहिजे

अनुदानात काटकसर म्हटली की शेतकरी बिथरतो. त्याला अनुभव असा आहे की कपात होते आणि तो पैसा दुसरीकडे जातो. म्हणून काटकसरीची पहिली अट ही, की वाचलेला पैसा कुठे जाणार ते आधी लिहून द्या. एक रुपयाचा विमा बंद करताना राज्याने शेतीतल्या भांडवली गुंतवणुकीसाठी वर्षाला पाच हजार कोटींची कृषी समृद्धी योजना जाहीर केली. केंद्राच्या २०२३ च्या पीएम-प्रणाम योजनेत रासायनिक खताचा वापर कमी करणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा वाटा परत देण्याची तरतूद आहे. विचार योग्य आहे. आता दरवर्षी विधानसभेत त्याचा हिशेब मांडला गेला पाहिजे.

वर्षाला वापरून संपणाऱ्या गोष्टींवरचं अनुदान हळूहळू कमी करून शेततळं, गोदाम, शीतगृह, पाणंद रस्ता, जिरायत वाणांचं संशोधन यांवर तो पैसा गेला, तर तो पुढची वीस वर्षं काम करतो. आणि प्रत्येक योजनेला शेवटची तारीख पाहिजे. मुदत संपली की परिणाम तपासायचा, मगच पुढे न्यायची की नाही हे ठरवायचं.

करदात्या वाचकाला माझं सांगणं आहे, शेतकऱ्याला मिळणाऱ्या रुपयाचा राग धरू नका, त्याच्यापर्यंत न पोचलेल्या रुपयाचा धरा. आणि माझ्या शेतकरी बांधवांनो, ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचायला लावा. खोटं नाव दिसलं तर शेजाऱ्याचं आहे म्हणून गप्प बसू नका, कारण त्या नावापायी उद्या बंद पडणार आहे ती तुमची योजना. पुढच्या वेळी कुणी नवी घोषणा घेऊन दारात आलं, तर हार घालायच्या आधी त्याला तीन प्रश्न विचारा. खर्च किती? देणार कुणाला? आणि कधीपर्यंत? या तिन्हींची उत्तरं ज्या योजनेच्या कागदावर आहेत, तीच योजना दुष्काळाच्या वर्षी तुमच्यासोबत उभी राहील.